एका चहावर तासभर

गिरगावातल्या सोवळ्याओवळ्याच्या घरातला मुलगा आयुष्यातलं पहिलं ऑम्लेट कुठं खायचा? इराण्याकडे. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. मग मॅटिनीच्या आधी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे शिरायचं, रस्त्याकडे पाठ करून बसायचं, ऑम्लेट-पाव संपवायचा आणि बडीशेप चघळत घरी जायचं. आईच्या नाकाला वास लागायचाच. ती बोलायची नाही, एवढंच!

मुंबई-पुण्याच्या एका अख्ख्या पिढीच्या आठवणींत हा इराणी असा ठाण मांडून बसला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून ही माणसं इकडे आली. बहुतेक झरथुष्ट्री, काही शिया मुसलमान. मागे दुष्काळ आणि छळ, हाती भांडवल बेताचं. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली असं सांगतात. त्याला ती चांगलीच लाभली. दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन्हीकडून उजेड-वारा! धोबीतलावचं कयानी १९०४चं, ग्रँट रोड स्टेशनजवळचं मेरवान १९१४चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३चं, तर पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५चं.

आत शिरलं की सगळीकडे तेच. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर मोठाले आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानखटाई. ब्रून-मस्का म्हणजे कडक कवचाचा पाव आणि आत लोण्याचा थर. चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद न देणारा. ‘पानी कम’ म्हटलं की चहा दाट यायचा. गल्ल्यावरचा मालक कायम वैतागलेला. काय करू नये याच्या पाट्या तर इतक्या, की धोबीतलावच्या बस्तानीच्या पाटीवर निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजी कविताच केली. नियम कडक, अंमलबजावणी शून्य.

चहाच्या पैशात इराणी खरी देत होता ती खुर्ची. चाळीतल्या एका खोलीत आठ माणसं. नोकरीच्या शोधातला तरुण, तालमीहून परतलेला हौशी नट, रात्रपाळी सुटलेला कामगार, घरात अभ्यासाला कोपरा नसलेला विद्यार्थी, अशांना एका कपावर तासभर टेबल मिळे. पेपर एकच असे. त्याची पानं सुटी होऊन चार टेबलांवर फिरत. उडुप्याच्या हॉटेलात इडली संपायच्या आत बिल समोर यायचं. इराण्याकडे तशी घाई नव्हती.

याचं श्रेय इराण्याच्या मोठ्या मनाला दिलं जातं. मन मोठं असेलही. पण भाडं लहान होतं, हे आठवणींत सहसा येत नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या जागांची भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून ठेवली. जागेचं ओझं नाही म्हणून गिऱ्हाइकाला उठवायची घाई नाही, असा तो हिशोब होता. पुढं जागेचे भाव आभाळाला भिडले. मुलं शिकली, डॉक्टर-इंजिनियर झाली, परदेशी गेली. पहाटे पाचला उठून दुकान कोण उघडणार? त्यांना दोष कसा द्यायचा? १९५०च्या दशकात मुंबईत साडेतीनशेच्या आसपास इराणी होते असं म्हणतात. आता तीस शोधताना दमछाक होते.

बस्तानी २००४मध्ये बंद झालं. काळ्या घोड्याचं वेसाईड इन इराण्याचं नव्हे, पण त्याच जातकुळीचं. अरुण कोलटकर तिथं खिडकीशी बसून समोरचा रस्ता पाहत. त्यांचा ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह २००४मध्ये आला, तोवर ती खिडकी गेली होती.

लंडनमध्ये मात्र २०१० साली ‘डिशूम’ नावाचं हॉटेल मुंबईच्या इराण्याच्या धर्तीवर निघालं. तशाच खुर्च्या, तसेच जुने फोटो, आणि आत जायला रांग! तिथं खाणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी खरा इराणी पाहिला असेल.

रांग मुंबईतही लागली होती. शंभरीला पोचलेलं मेरवान ३१ मार्चला बंद होणार, अशी बातमी २०१४मध्ये आली. मावा केकसाठी झुंबड उडाली, फोटो निघाले, जुने लोक हळहळले. गल्ल्यावरच्या माणसाला त्या गर्दीतले किती चेहरे ओळखीचे वाटले असतील? मेरवान त्या वेळी काही दिवसांनी पुन्हा उघडलं. ज्यांनी शेवटचे म्हणून केक घरी नेले होते, त्यांनी तोवर ते खाऊन संपवलेही होते.