खेळाडूची आशा केव्हा सोडावी?

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवरील फुटबॉलचा हंगाम संपला, की पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालमींपुढे एक कठीण प्रश्न उभा राहत असेलच. ज्याच्यावर भिस्त ठेवली, पण ज्याचा खेळ उतरला, अशा खेळाडूला ठेवावयाचे की निरोप द्यावयाचा? हा प्रश्न भावनेचा मानला जातो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचाही आहे.

जो पैसा खर्च होऊन गेला व परत मिळणार नाही, त्या बुडीत खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, असे अर्थशास्त्र सांगते. 'याच्यावर एवढे मोजले, आता कसे सोडावे?' हा युक्तिवाद म्हणूनच फसवा होय. परंतु 'गेल्या चार सामन्यांत याने काही केले नाही' एवढ्यावरून पुढील चार वर्षांचा हिशेब मांडणे, हेही तितकेच फसवे आहे. भूतकाळ पुरावा म्हणून वाचावा, कर्ज म्हणून नव्हे. आणि पुरावा पुरेसा आहे की नाही, हे आधी तपासावे.

इंग्लंडच्या चेल्सी संघाने केव्हिन डी ब्रॉयने याला लीगच्या अवघ्या तीन सामन्यांत खेळवून जानेवारी २०१४ मध्ये विकले. मोहम्मद सलाह यालाही २०१६ मध्ये रोमाकडे जाऊ दिले. पुढे डी ब्रॉयने संघात असताना मँचेस्टर सिटीने सहा वेळा लीग जिंकली, तर सलाहने २०१७-१८ च्या लीगमध्ये लिव्हरपूलकडून ३२ गोल केले. येथे पारखण्याआधीच निकाल दिला गेला.

आपल्याकडील उदाहरण क्रिकेटचे आहे. विनोद कांबळी याने पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा केल्या, पुढील दहांत मात्र २९१. घसरण खरी होती, त्यामुळे त्याला वगळणे अवाजवी म्हणता येणार नाही. पण १९९५ च्या नोव्हेंबरनंतर, तेविसाव्या वर्षीच, कसोटीचे दार मिटले ते कायमचे, आणि ५४.२० ही सरासरी मागे उरली. याउलट, २०२२ च्या जानेवारीनंतर वगळला गेलेला अजिंक्य रहाणे २०२३ च्या जूनमध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात परतला आणि पहिल्या डावात भारताच्या सर्वाधिक, ८९ धावा त्याच्याच ठरल्या. वगळणे आणि आशा सोडणे यांत हे अंतर आहे.

देशभर पसरलेल्या आमच्या विट्याच्या गलाई कारागिरांना हा विवेक नवा नाही. वरचा काळेपणा पाहून ते धातू फेकून देत नाहीत. आणि कितीही कोळसा जाळला तरी मातीचे सोने होत नाही, हेही ते जाणतात. मुशीला ते पुरेशी आच देतात, पण अमर्याद नाही.

संघांनीही हेच करावे. खेळाडूला कोणत्या जागी व किती सामने संधी मिळेल, हे आरंभीच सांगावे. ती मुदत संपेतो अधीर होऊ नये आणि संपल्यावर भिडेखातर ती वाढवू नये. निरोप देताना परतीची वाट कोणती, हेही स्पष्ट करावे. कारण चुकीच्या निर्णयाने संघाचा एखादा हंगाम बुडतो. खेळाडूची मात्र उमेदीची वर्षे बुडतात, आणि ती कोणत्याही जमाखर्चात परत येत नाहीत.