काटकसर करा, पण माणसं मोडू नका



सध्याचे दिवस कारखानदारीला ओढाताणीचे आहेत, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढची सहा वर्षे तो तिथेच अडकून राहिला. एफआरपी मात्र या काळात चढत गेली. २०१८-१९ ला दहा टक्के उताऱ्याला टनामागे २७५० रुपये होते, ते २०२५-२६ ला सव्वादहा टक्क्यांना ३५५० झाले. ही वाढ शेतकऱ्याच्या हक्काची आहे. खत, मजुरी, डिझेल पाहता ती थोडीच म्हणावी लागेल. पण कारखान्याच्या तिजोरीवर ताण आला हे खरेच. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने बंधन घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी ते उठले, पण ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या त्यांचे व्याज काही थांबले नाही. पुढे २०२४-२५ ला ऊसच कमी पडला. राज्याची साखर सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास आली. ऊस कमी म्हणून खर्च कमी होत नाही, तोच खर्च थोड्या टनांवर बसतो.

अशा साली वार्षिक सभा जवळ आली की एक सूचना हमखास येते. "शेतकी खात्यात माणसं फार झालीत, आधी ती कमी करा." हंगामी चिटबॉयला बिगर हंगामात कशाला पोसायचे, गटाची गाडी कशाला पाहिजे, प्रशिक्षणाला माणसे पाठवून काय मिळते, असे प्रश्न विचारले जातात. आम्ही स्वतः शेतकी खात्यातले. आमचे बोलणे आमच्याच ताटाकडे बघून आहे असे कोणी म्हणेल. म्हणून आम्ही नुसता हिशेब मांडतो, निवाडा सभासदांनी करावा.

२०२५-२६ च्या एफआरपीत सव्वादहा टक्क्यांच्या वर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त धरले आहेत. पाच लाख टन गाळप धरा. नुसता ०.१ टक्का उतारा म्हणजे १ कोटी ७३ लाख रुपये. आता हा उतारा येतो कुठून? सगळाच काही चिटबॉयच्या हातात नाही. उसाची जात, जमीन, हवा आणि मिलचे काम यांचाही वाटा मोठा आहे. पण कोणता प्लॉट आधी तोडायचा, हे रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात उतरणारा माणूस ठरवतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडतो की दोन दिवस फडात वाळतो, हे टोळी, वाहन आणि चिठ्ठी यांचा मेळ घालणाऱ्यावर असते. ऊस वाळला की वजन घटते ते सभासदाचे, आणि साखर घटते ती सगळ्यांची. गटातल्या सगळ्या हंगामी माणसांचा बिगर हंगामातला पगार एका बाजूला लिहा, वरचा आकडा दुसऱ्या बाजूला लिहा, आणि मग बोला.

आणि बिगर हंगामात ही माणसं बसून असतात, हे तरी कुठे खरे आहे? वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. त्या आठ-पंधरा दिवसांत गावाने मिळून झाडे हलवून ते गोळा केले तरच हुमणीला आळा बसतो. एकट्याने आपल्या बांधावर काम करून भागत नाही. गावोगाव दवंडी देऊन माणसं जमवतो कोण? आपला शेतकी मदतनीस. जुलैच्या मध्यापासून आडसालीच्या लागणी, बेणे मळ्याची निवड, नोंदी, खोडव्यातले पाचट न जाळता कुजवायला सांगणे, ही कामे गाळप बंद असतानाचीच. या वेळी माणूस घरी बसवला तर त्याचा फटका दीड वर्षाने उसात दिसतो, आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही की हे कशामुळे झाले.

आणखी एक गोष्ट ताळेबंदात दिसत नाही. दहा-बारा हंगाम काढलेल्या चिटबॉयला कोणता रस्ता पावसात बंद पडतो, कोणाच्या फडातून गेल्याशिवाय मागचा ऊस निघत नाही, कोणते दोन भाऊ बांधावरून भांडतात, हे सगळे पाठ असते. मुकादम त्याच्या शब्दावर टोळी हलवतो. पगार तीन-तीन महिने थकला की असा माणूस आधी जातो, कारण त्याला दुसरीकडे लगेच जागा मिळते. मागे राहतो तो ज्याला कोणी घेत नाही. त्याच्या जागी नवा पोरगा आणला तर त्याला गट नंबर कळेपर्यंत निम्मा हंगाम उलटतो.

मग काटकसर करूच नये का? जरूर करावी. खरे बोलायचे तर, काही खात्यांत चिठ्ठीवर आणि शिफारशीवर घेतलेली माणसं जास्त आहेत, हे सहकारात कोणापासून लपलेले नाही. चांगल्या साली कोणाच्या तरी पाहुण्याला चिकटवायचे आणि वाईट साली फडातला राबणारा कमी करायचा, ही काटकसर नव्हे. शिफारशीची भरती बंद करा. निवृत्त होणाऱ्याची जागा गरज तपासूनच भरा. सत्कार, फ्लेक्स, पाहुणचार यांवर आधी कात्री लावा. कात्री वरून खाली आली तर खालचा माणूस ती निमूट सोसतो, खालून वर जाऊ लागली तर त्याचे मन उडते.

आमच्या मते तीन गोष्टी सांभाळल्या तर वाईट सालातही माणसं टिकतात. पहिली, पगाराची तारीख. पगारवाढ लांबली तरी चालेल, पण ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम हातात पडलीच पाहिजे. दुसरी, खरा हिशेब. कारखान्यावर किती बोजा आहे, साखर काय भावाने गेली, हे कामगाराला संचालकाच्या तोंडून कळावे, चहाच्या टपरीवर नव्हे. माहिती नसली की अफवा चालते आणि अफवेत काम होत नाही. तिसरी, शिकणे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला किंवा पाडेगावच्या संशोधन केंद्राला दोन माणसं पाठवायला फार खर्च येत नाही. शिकून आलेला माणूस चार गावांत जाऊन सांगतो आणि आपल्यावर कारखान्याचा विश्वास आहे हेही त्याला कळते.

ऊसतोड टोळ्यांनाही आम्ही याच माणसांत धरतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दर वाढला म्हणून जबाबदारी संपली असे नाही. कोप्यांजवळ पिण्याचे पाणी, उजेड, बाईमाणसांसाठी आडोसा, पोरांसाठी साखरशाळा, हे नीट असले तर तीच टोळी पुढच्या साली परत येते. नाहीतर उचल घेऊन दुसरीकडे जाते आणि आपण तिला शोधत फिरतो.

शेवटी सभासदांना एक विनंती. पाळी आली नाही म्हणून गट कार्यालयात चिटबॉयच्या गळ्याला येणारे, आणि टोळीला वरचे पैसे देऊन पाळी पुढे ओढणारे, दोघेही आपलेच बांधव आहेत. क्रमपाळी लागण तारखेवर चालते. ती मोडायला लावायची आणि मग "शेतकी खाते बेशिस्त" म्हणायचे, हे बरोबर नाही. ज्याला रोज चार शिव्या खाव्या लागतात त्याच्याकडून मन लावून काम होत नाही. तक्रार असेल तर लेखी द्या, आमच्याकडे द्या, आम्ही उत्तर देऊ.

ऊस गोड लागला म्हणून कोणी मुळासकट खात नाही, कारण पुढे खोडवा घ्यायचा असतो. माणसांच्या बाबतीतही तेवढाच विचार व्हावा. येत्या सभेत खर्चाचा विषय निघेल तेव्हा कोणती माणसं कमी करायची याच्या आधी कोणत्या माणसांवाचून आपला ऊस फडात राहील, एवढे एकदा विचारून पाहावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग