गुरांना नाल्यावर नेऊ नका, पाणी कुरणात आणा

अंबरनाथ-बदलापूरकडच्या गावांत गुरं पाळणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. यंदा कुरणात पाण्याची सोय करणार असाल, तर हौद, पाइप आणि पंपाचे भाव विचारण्याआधी पाणी कुठून येतं ते बघा.

कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. वालधुनी काकोळ्याच्या बाजूने येते, अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणला पोहोचेपर्यंत कारखान्यांची आणि गटारांची घाण पोटात घेते. २०१४च्या अखेरीस या नदीत रसायन ओतलं गेलं, तेव्हा नुसत्या वाफेने उल्हासनगरात शेकडो माणसं आजारी पडली. त्या पाण्याला गाईने तोंड लावायचं? एमआयडीसीच्या खालच्या अंगाचा कुठलाही नाला, दिसायला नितळ असला तरी, गुरांसाठी बंद समजा. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचं किट असतं, पण कारखान्यातली सगळी रसायनं त्यात कळत नाहीत. शिशासारखं विष तर जनावराच्या दुधातून पोरांच्या पेल्यापर्यंत येऊ शकतं.

आपलं नशीब एवढंच, की वरच्या अंगाला, कोंडेश्वर आणि मलंगगडाच्या डोंगराकडे, अजून झरे आहेत, विहिरी आहेत. झरा बारीक आहे म्हणून सोडून देऊ नका, आधी मोजा. धारेखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत भरली तर तासाला १८० लिटर झाले, रात्रंदिवसाचे ४,३२० लिटर. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पिते, म्हणजे एवढ्याशा धारेवर चाळीस म्हशी निघतात. मात्र मोजणी एप्रिलच्या शेवटी करा. जानेवारीत भरवशाचा वाटणारा झरा मे महिन्यात दगा देतो.

अडचण वेगळीच असते. झरा दिवसभर थेंब थेंब देतो आणि गुरं दुपारी एकदमच पाण्यावर येतात. दांडगी म्हैस पुढे घुसते, वासरं आणि अशक्त जनावरं मागे राहतात, आणि कळप निघाला की तहानलेलीच त्याच्यामागे चालू लागतात. म्हणून झऱ्याजवळ उंचावर साठवणीची टाकी हवी, तिथून उताराने पाइप, आणि खाली दोन्ही बाजूंनी पिता येईल असा लांबट हौद, बॉलकॉक लावलेला. हौदाचा काठ दीड ते दोन फूट उंच पुरे, म्हणजे वासराचंही तोंड पोहोचतं. जिथे उतार मिळतो तिथे माझं मत ठाम आहे: दुसरं काही शोधू नका. वीज नको, डिझेल नको, चोरीला जाईल असं फारसं काही नाही. विहीर कुरणाच्या खाली असेल तरच सौर पंपाचा विचार करा, आणि त्यालाही वरची टाकी हवीच, कारण ढगाळ दिवशी पंप रडतो.

पाइप जमिनीत फूटभर गाडा. आपल्याकडे होळीच्या आगेमागे वाळल्या गवताला वणवा लागतो आणि उघडा पाइप तासाभरात वितळतो. शिवाय काळ्या पाइपात पाणी उन्हाने तापतं, आणि तापलेलं पाणी गुरं कमी पितात. पाणी कमी गेलं की त्याच दिवशी दूध घटतं.

हात जोडून सांगतो, कारखान्यातून निघालेले जुने निळे ड्रम कापून त्यांचे हौद करू नका. स्वस्त पडतात हे खरं. पण आत काय भरलं होतं हे भंगारवाल्यालाही माहीत नसतं, आणि प्लास्टिकने शोषलेलं रसायन धुऊन जात नाही. विटा-सिमेंटचा बांधा, नाहीतर सिमेंटचा तयार घ्या.

जागा पूररेषेच्या वर निवडा. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. उल्हास कुठवर चढते ते तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं. हौदाभोवती सात-आठ फूट दगडांची फरसबंदी करा आणि सांडपाणी चर काढून लांब न्या. हे टाळलंत तर चिखल होतो, त्यात गोगलगायी वाढतात आणि त्यांच्यावाटे गुरांच्या यकृतात जंत शिरतात. पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी म्हणून हौद बंद ठेवू नका. डबक्यांतून होणारे आजार तेव्हाच जास्त असतात.

गुरचरण सरकारी असतं, त्यामुळे बांधकामाआधी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तलाठ्याकडे विचारा. जागा वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय कुदळ मारू नका. ठरावातच लिहून घ्या की हौद घासून चुना लावायची पाळी पंधरवड्याला कोणत्या घरची, आणि दुरुस्तीचे पैसे जनावरामागे किती. दोन बॉलकॉक आधीच जास्तीचे घेऊन पाळीवाल्याच्या घरी ठेवा. मे महिन्यात एक तुटला तर अख्खी टाकी रात्रीत वाहून जाते.