चौक बायकांचा, सही कुणाची?

पावसाळा सुरू झाला की पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या आदिवासी बायका नाशकात रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. करटुली, कुरडू, शेवळं, पुढे चाईचा मोहोर. आपण घासाघीस करतो आणि वर ‘ही करायची कशी?’ म्हणूनही विचारतो. त्या सांगतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खवखवतो, काकडं घालायचीच. कडू करांद्याचे काप रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. एवढी विद्या हाताशी असताना वारली चित्र म्हणून आपल्याला जे विकलं जातं त्यात असतं काय? तारपा नाच, बैलगाडी, झोपडी. हॉटेलच्या भिंतीवर तेच, चहाच्या कपावर तेच. ताडमाड दिसतात, पण चाईचा वेल शोधून सापडत नाही.

याचं कारण हात बदलले, असं माझं मत आहे. ही कला मुळात बायकांची. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा तो सवाशिणींनी. त्यात पालघट देवी, आणि विधीची गाणी लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या तोंडी. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूच्या पाड्यांवर गेले आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून भिंतीवरचं चित्र जगभर पोचलं. मशे मोठेच कलावंत, 2011ची पद्मश्री त्यांना शोभलीच. पण कागदामागून पैसा आला, पैशामागून सही आली आणि ती बहुतेक पुरुषांची झाली. बायकांकडे उरला लग्नाचा चौक. अपवाद आहेत, पण ते अपवादच.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासींमध्ये नेमकं उलट घडलं. 1971मध्ये पापुन्या वस्तीत चित्रांची सुरुवात पुरुषांनी केली. युटोपिया भागातल्या बायका 1977पासून कापडावर बाटिक करत होत्या. दशकभराने त्यांच्या हाती कॅनव्हास आला. त्यांनी काढलं काय, तर आपण जे खणतो, वेचतो, शिजवतो ते. एमिली कामे उंग्वारे ऐंशीच्या घरात पोचल्यावर कॅनव्हासकडे वळली. तिच्या नावातलं ‘कामे’ म्हणजे एका कंदाचं बी, आणि त्याच कंदाच्या जमिनीखाली पसरलेल्या मुळ्या ती रंगवत राहिली. ग्लोरिया पेत्यारे हिने औषधी झाडाची पानं रंगवली. एमिली 1996मध्ये गेली; 2007मध्ये तिचं एक चित्र दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर विकलं गेलं. तिथेही दलालांनी कलावंतांना लुबाडलंच, रामराज्य कुठेच नाही. पण 2010पासून चित्र पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना पाच टक्के देण्याचा कायदा तरी आहे.

आपल्याकडे ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरतात. भाज्या बायकांच्या, पाककृती बायकांच्या, मागे छापील फ्लेक्स. त्या फ्लेक्सचे पैसे पेठ-सुरगाण्याच्या चार जणींना द्या आणि त्यांच्याकडून करटुली, कंद, मोहाची फुलं यांची चित्रं काढून घ्या, असं आयोजकांना सांगणं आहे. विषय मात्र त्यांचा त्यांना ठरवू द्या, नाहीतर पुन्हा तारपाच येईल. आणि वाचकहो, यापुढे वारली चित्र विकत घेताना दुकानदाराला किमतीआधी एक विचारा: हे काढलं कुणी? नाव सांगता आलं नाही, तर चित्र तिथेच ठेवा.