आधी इंजिन धुवा, मग सील बदला

रायपूरला पोस्टिंगवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच एका निवृत्त हवालदाराचा फोन आला. माझ्या जुन्या कंपनीतला, मूळचा साताऱ्याचा, आता मुलाच्या नोकरीमुळे इथे टाटीबंधला राहतो. "साहेब, जिप्सीचं इंजिन बदललं, तरी तेल गळतंय. मिस्त्री म्हणतो, हेही इंजिन टाकून द्या."

गाडी मूळची 970 सीसीची. तिच्यात 1298 सीसीचं, कार्बोरेटरच्या जमान्यातलं जुनं इंजिन बसवलेलं. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवलेला, कागद चोख. पण गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडला जातो तिथून, म्हणजे बेल हाउसिंगखालून, थेंब पडायचे. मिस्त्रीने वरूनच निदान केलं: क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं. चार दिवसांनी पुन्हा थेंब. पुन्हा उतरवला, पुन्हा सील. मग निकाल दिला, इंजिनच खराब.

मी एकच प्रश्न विचारला, "गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लच ओला होता का?"

"नाही साहेब, खडखडीत कोरडा. मी उभा होतो ना तिथे."

इथे माझं डोकं फिरलं. मागचं सील गळत असेल तर तेल आधी बेल हाउसिंगच्या आत येतं. आतून कोरडं आणि बाहेरून ओलं, याचा अर्थ तेल वरून ओघळत येतंय. पुरावा समोर होता, पण कोणी पाहिलाच नाही. त्याचे पैसे मात्र दोनदा घेतले, तेही पेन्शनमधले.

रविवारी त्याच्याकडे गेलो. सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ या शहरात सगळीकडे बसते. ती तेलात मिसळून इंजिनावर असा लेप चढतो की गळती कुठली, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणून थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुतलं, पुसून कोरडं केलं. वर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. मग वरून खाली पाहत आलो. तेल खाली आणि मागे वाहतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला डाग हा खरा गुन्हेगार.

तो डाग सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला होता, डिस्ट्रिब्युटर बसतो तिथे. तिथली रबरी ओ-रिंग वयाने कडक झाली होती. तेल तिथून हेडच्या पाठीवरून ओघळत थेट बेल हाउसिंगवर उतरत होतं.

पण तेवढ्यावर थांबलो नाही. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढलं, तर भसाभसा हवा बाहेर. पिस्टन रिंगा झिजल्या तरी असं होतं, म्हणून आधी सोपं तपासलं. ब्रीदरची नळी हातात घेतली, तर तिच्या टोकात बोल्ट ठोकलेला! जुन्या गाडीची नळी नव्या इंजिनाला जुळली नाही, म्हणून बसवणाऱ्याने ती बंदच करून टाकली. आतला दाब कोंडला की तो सगळ्यात कमजोर जागेतून तेल बाहेर ढकलतो. नळी नीट जोडली, झाकणावरचा भसका थांबला. ओ-रिंग बदलली, थेंबही थांबले.

काही मिस्त्री म्हणतील, धुवायला वेळ कोणाला आहे? गिअरबॉक्स दोनदा उतरवायला होता ना! मागचं सील खरोखर जातंही, मी नाकारत नाही. पण बदली इंजिन गाडीत बसण्यापूर्वी बाहेर पडलेलं असतं. साठवणीत सिलं सुकतात. तेव्हाच मागचं-पुढचं सील, सम्पचं पॅकिंग आणि ही ओ-रिंग बदलली तर जादा मजुरी जवळपास लागत नाही. ब्रीदरही तेव्हाच जुळवून घ्यायचा असतो.

खडकवासल्याला आम्हाला शिकवलं ते साधं होतं: आधी टेहळणी, मग हल्ला. अंदाजाने गोळीबार करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्याला मात्र आपण गुपचूप बिल चुकवतो.

निवृत्त सहकाऱ्यांनो, यापुढे कोणी "सील गेलं" म्हटलं तर एवढंच विचारा: "कुठून गळतंय ते दाखव." दाखवता आलं तरच पाना लावू द्या.

जय हिंद.