शून्य जागा, 120 कोटी पौंडांची तूट, आणि आपण कुठे होतो?

वोकिंगमधल्या मराठी बंधुभगिनींनो,

गुरुवार, 2 मे 2024 रोजी आपल्या बरोची निवडणूक झाली. निकाल तुमच्या कानावर आला असेल किंवा नसेलही, म्हणून आधी तोच सांगतो. कौन्सिलच्या 30 जागांपैकी 24 लिबरल डेमोक्रॅटांकडे, 5 अपक्षांकडे, एक मजूर पक्षाकडे. वर्षानुवर्षं इथे राज्य केलेल्या हुजूर पक्षाकडे शून्य. उरल्यासुरल्या चार जागाही मतदारांनी काढून घेतल्या. सरे परगण्यातलं हे गाव हुजूर पक्षाचा बालेकिल्ला मानलं जायचं. तिथे त्या पक्षाचा एकही कौन्सिलर उरला नाही.

त्याच आठवड्यात आपले व्हॉट्सअॅप ग्रुप कशाने भरले होते? बारामतीच्या लोकसभा निवडणुकीने! नणंद की भावजय, कोणता पवार कुणाबरोबर, 7 तारखेच्या मतदानात काय होणार. त्यात गैर काही नाही, मायभूमीची ओढ सुटत नाही आणि सुटूही नये. पण बारामतीत मत द्यायचं तर विमानाने जाऊन प्रत्यक्ष केंद्रावर उभं राहावं लागतं. इथलं पोलिंग स्टेशन मात्र चालत जाण्याच्या अंतरावर होतं. जिथे मत देता येत नाही तिथली खडान्‌खडा माहिती आणि जिथे देता येतं तिथला वॉर्डही ठाऊक नाही, ही आपली राजकीय जागरूकता!

झालं काय, ते समजून घ्या

7 जून 2023 रोजी वोकिंग कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली. कौन्सिलला कायद्याने दिवाळं काढता येत नाही, पण अर्थ तोच: हिशेब जुळत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. तूट होती 120 कोटी पौंडांची. आणि ती भरून काढायला कौन्सिलकडे वर्षाचा मूळ निधी होता सुमारे 1 कोटी 60 लाख पौंड. बरोची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 1 लाख 4 हजारांच्या आसपास. भागाकार करून बघा: आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत माणशी साडेअकरा हजार पौंडांची तूट.

पैसा गेला कुठे? स्टेशनजवळच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरकडे मान वर करून पाहा. निवासी मनोरे, हॉटेल, दुकानं. सुमारे 70 कोटी पौंड त्या एका प्रकल्पात गेले. शिअरवॉटरच्या पुनर्विकासाचा खर्च वेगळाच. कौन्सिलने सरकारी खजिन्यातून, पब्लिक वर्क्स लोन बोर्डामार्फत, स्वस्त व्याजाने कर्ज उचललं आणि आपल्याच कंपन्यांना पुढे कर्जाऊ दिलं. देणारं सरकार, घेणारी कौन्सिल, वापरणारी कौन्सिलचीच कंपनी. या तिघांत 'हे परत कसं फेडणार?' असं खडसावून विचारणारं कुणी नव्हतं. इमारतींची किंमत घसरली, कर्ज तसंच राहिलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा हा कारभार.

विचारणारं खातं पूर्वी होतं. स्थानिक संस्थांच्या हिशेबांवर नजर ठेवणारं ऑडिट कमिशन 2015 मध्ये सरकारने बंद करून टाकलं. काम खासगी लेखापरीक्षकांकडे गेलं आणि इंग्लंडभरात शेकडो हिशेबांचं परीक्षण रखडलं. निव्वळ नफ्यासाठी इमारती विकत घेणाऱ्या कौन्सिलांना सरकारी कर्ज मिळणार नाही, असा नियम यायला नोव्हेंबर 2020 उजाडला. तोवर वोकिंगचा डोंगर उभा राहिला होता.

आता बिल कुणाला? 2024-25 साठी कौन्सिल टॅक्सच्या बरोच्या वाट्यात जवळजवळ 10 टक्के वाढ झाली. सार्वमत न घेता एवढी वाढ करायची खास मुभा सरकारने दिली. कर्जाच्या ठरावाला हात वर करणारे घरी गेले. टॅक्सचं बिल घरी आलं ते तुमच्या.

निकालाचे पेढे कशाला?

मतदारांनी सत्ताधाऱ्यांना चांगला धडा शिकवला, असं जो तो म्हणतो आहे. शिकवला, मान्य. पण तारखा लावून पाहा. सत्ता बदलली मे 2022 मध्ये. सरकारने कारभारावर आयुक्त नेमले मे 2023 मध्ये. नोटीस निघाली जूनमध्ये. शून्यावर आणलं मे 2024 मध्ये. म्हणजे शिक्षा पोचेपर्यंत पैसे जाऊन वर्षं लोटली होती. बैल गेला आणि झोपा केला.

आणि संधी नव्हती असंही नाही. वोकिंगमध्ये कौन्सिलच्या एक तृतीयांश जागांची निवडणूक चार वर्षांतून तीनदा होत असे. कर्ज फुगत होतं त्या काळात मतदारांना जवळजवळ दरवर्षी कौल विचारला जात होता. तरीही कर्ज थांबलं नाही. यावरून आम्ही एकच गोष्ट म्हणतो आणि हे सारं पत्रक त्या एका गोष्टीसाठी आहे: निवडणुकीचा निकाल हा पंचनामा असतो. पहारा तो नव्हे. पहारा निकालानंतर आपल्याला द्यावा लागतो.

हा एका पक्षाचा दोष असता तर पक्ष बदलून काम भागलं असतं. क्रॉयडन 2020 मध्ये कोसळलं, स्लाव 2021 मध्ये, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम 2023 मध्ये. चारही ठिकाणी मजूर पक्ष होता. थरकने सौरऊर्जेच्या धंद्यात लोकांचा पैसा गुंतवून 2022 मध्ये हात वर केले, तिथे हुजूर पक्ष होता. कारणं जागोजागी वेगळी, रंग वेगळे, पण नागरिकांची झोप सगळीकडे सारखी.

या निकालाने 30 पैकी 24 जागा एकाच पक्षाकडे गेल्या. समोर फक्त सहा जण. जिथे विरोधी बाक एवढा तोकडा, तिथे बाहेरच्या माणसाने अधिक जागं राहायचं असतं. नवे कौन्सिलर प्रामाणिक असतीलही. पण प्रामाणिक माणसालाही हिशेब विचारला जातो, हे लोकशाहीत गृहीतच धरलेलं असतं.

शिवाय निवडून आलेल्यांच्या डोक्यावर सरकारने नेमलेले आयुक्त बसले आहेत, हे विसरू नका. हे चित्र आपल्याला अनोळखी आहे का? मुंबई आणि पुणे महापालिकांच्या निवडणुका 2022 मध्ये व्हायच्या होत्या, त्या रखडल्या. त्या काळात प्रशासकाने कारभार हाकला. नगरसेवक नसला की तुंबलेल्या गटारासाठी कुणाचं दार वाजवायचं, हे तिथल्या आपल्या आईवडिलांनी रोज अनुभवलं. लोकांनी निवडलेल्या माणसाची किंमत तो गेल्यावर कळते. इथे तो अजून आहे. त्याच्या दारावर थाप मारा.

पण आमचा काय संबंध?

ही सबब आम्ही फार ऐकली. एकेक उत्तर घ्या.

*'आमचा पासपोर्ट भारताचा आहे.'* मग तर हक्क आहेच! भारत राष्ट्रकुलात आहे आणि इथे कायदेशीर परवान्याने राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला कौन्सिलच्याच काय, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. नोकरीचा व्हिसा असो, विद्यार्थ्याचा असो की जोडीदाराचा. मत दिल्याने भारताचं नागरिकत्व जात नाही. कायम वास्तव्याची परवानगी मिळालेली असेल तर कौन्सिलची निवडणूक लढवताही येते.

*'आम्ही इथले पाहुणे.'* पाहुण्याकडून कुणी कौन्सिल टॅक्स घेत नाही. तुमच्याकडून दर महिन्याला घेतात. तुमचा कचरा उचलायचा की नाही, शेजारी किती मजले चढणार, बाग राहणार की विकली जाणार, हे बरो ठरवते. शाळा आणि रस्ते सरे काउंटी पाहते, तिथेही तुमचं मत चालतं. आणि या मातीशी आपलं नातं आजचं नाही. जमशेटजी टाटा याच बरोतल्या ब्रुकवुडच्या दफनभूमीत विसावले आहेत, हे आपण भारतातून आलेल्या मंडळींना अभिमानाने सांगतो. अभिमान सांगायचा आणि जबाबदारी आली की पाहुणे व्हायचं, हे शोभत नाही.

*'एका मताने काय होतं?'* 1892 मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले. 2,961 विरुद्ध 2,956. पाच मतं! मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक राहिलेला माणूस पाच मतांच्या जोरावर ब्रिटिशांच्या सभागृहात उभा राहिला आणि भारताची लूट त्यांना तोंडावर सांगू लागला. जुनी गोष्ट वाटत असेल तर 2017 ची घ्या. नॉर्थम्बरलँड काउंटीच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली. पुन्हा मोजली, तरी सारखीच. शेवटी कायद्याप्रमाणे काड्या काढून निकाल लावला. हुजूर पक्षाचा उमेदवार हरला आणि 67 जागांच्या कौन्सिलमध्ये त्या पक्षाचं बहुमत एका जागेने हुकलं. घरी बसलेला एक माणूस बाहेर पडला असता, तर अख्ख्या काउंटीची सत्ता एका काडीवर लोंबकळली नसती.

*'कौन्सिलर आमचं ऐकत नाहीत.'* कौन्सिलर मतदार यादी पाहून दार वाजवतात. यादीत नाव नाही त्याचं दार वाजत नाही. यात वर्णभेद शोधण्याआधी आपलं नाव शोधा.

आता काय करायचं?

1. आज रात्री नाव नोंदवा. सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांचं काम आहे. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हाताशी ठेवा. घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्र नोंदवायचं आहे, नवऱ्याच्या नावात बायकोचं नाव आपोआप येत नाही. मतदानाच्या 12 कामकाजाचे दिवस आधी नोंदणी बंद होते, मग धावपळ करून उपयोग नाही.

2. ओळखपत्र तयार ठेवा. 2023 पासून फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारताचा पासपोर्ट चालतो. काहीच नसेल तर मतदाराचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

3. हिशेबाच्या वह्या उघडून पाहा. हा हक्क बहुतेकांना माहीतच नाही. दरवर्षी 30 कामकाजाचे दिवस कौन्सिलला आपले हिशेब, करार आणि बिलं नागरिकांसमोर खुली ठेवावी लागतात. पण लेखापरीक्षकाला प्रश्न विचारायचा आणि रकमेवर हरकत घ्यायची तर नाव मतदार यादीत लागतं. आपल्यात चार्टर्ड अकाउंटंट आहेत, बँकांमध्ये जोखीम तपासणारे आहेत, आकडे वाचून पोट भरणारे कितीतरी आहेत. दुसऱ्याच्या कंपनीचे ताळेबंद तपासता, स्वतःच्या गावाचा एक तपासा!

4. बैठकीला जा. कौन्सिलच्या बैठका सर्वांना खुल्या असतात आणि 2014 पासून चित्रीकरणाचाही हक्क आहे. 'व्यावसायिक गोपनीयता' म्हणून लोकांना बाहेर जायला सांगितलं, तर तो विषय लिहून ठेवा आणि नंतर आपल्या कौन्सिलरला लेखी विचारा. मोठे आकडे बहुधा बंद दाराआडच ठरतात.

आमच्या मागण्या

नव्या कौन्सिलकडे आणि तिच्यावरच्या आयुक्तांकडे आम्ही तीन गोष्टी मागतो. एक, कौन्सिलच्या मालकीच्या प्रत्येक कंपनीचं कर्ज, व्याज आणि तोटा साध्या भाषेत, एका पानावर, दर तिमाहीला जाहीर करा. दोन, कर्ज मंजूर करणाऱ्या प्रत्येक ठरावावर कुणी कुठे हात वर केला, ते नावानिशी प्रसिद्ध करा, मग तो आज घरी बसलेला असो की सभागृहात. तीन, ज्या सरकारने न विचारता पैसा दिला आणि तपासणारं खातं बंद केलं, त्याने आपला वाटा उचलावा. सगळा बोजा वोकिंगच्या कौन्सिल टॅक्सवर टाकणं हा अन्याय आहे.

बंधुभगिनींनो, हे पत्रक कोणत्याही पक्षाचं नाही. कुणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही, तुम्ही ते आमच्याहून चांगलं ठरवाल. आमचा राग पक्षांइतकाच आपल्यावरही आहे. गणपतीसाठी हॉल मिळावा म्हणून आपण कौन्सिलला पत्रांवर पत्रं पाठवतो, त्याच कौन्सिलची तिजोरी रिकामी झाली तेव्हा आपण एक ओळ लिहिली नाही. आता लिहा. हा कागद वाचून झाला की नाव नोंदवा आणि तो शेजारच्या घरात द्या.

वोकिंगमध्ये राहणारे, टॅक्स भरणारे आणि मत देणारे काही मराठी रहिवासी
मे 2024