शिल्पाचा तास राखला पाहिजे

पाल्यास वसतिगृहात दाखल करण्यासाठी येणारे पालक बहुधा एक गोष्ट आवर्जून सांगतात. हातकाम आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पुष्कळ केले. आता लेकराच्या हाती लेखणी द्या, कागद कापणे आणि चिकटवणे नको. कार्यानुभवाचा तास गणिताला द्यावा, अशीही सूचना येते. पुष्कळ शाळांत तो तसा दिलाही जातो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

या आग्रहास आम्ही अज्ञान म्हणत नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळेचे तास कमी केले. उरलेल्या वेळात मुलाने आईबापाचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. चांभाराच्या मुलाने चामडे शिवावे, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, असाच तिचा अर्थ होत होता. प्रखर विरोधानंतर १९५४ मध्ये कामराज यांच्या काळात ती मागे घेण्यात आली. जात ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा ‘हस्तोद्योग’ हा शब्द ऐकताच आपला समाज सावध होतो, हे योग्यच आहे.

तरीही हा तास राखला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण मंगलसुत्ताचे पठण करतो. त्यात तथागतांनी बहुश्रुतता, शिल्प आणि उत्तम रीतीने शिकलेला विनय ही एकाच गाथेत मंगले म्हणून सांगितली आहेत. तेथील शिल्प हे जन्माने गळ्यात पडलेले नाही. ते शिकावयाचे आहे. कागदाचे काम तर आपल्या घराण्यांवर कोणी लादलेच नव्हते. आपल्या पूर्वजांपासून दूर ठेवला गेला तो कागदच.

शिवाय कागदाचे आणि धम्माचे नाते फार जुने आहे. चीनमध्ये तयार झालेली कागदाची कला ६१० च्या सुमारास कोरियातील भिक्षू दामजिंग यांनी जपानला नेली, अशी परंपरा आहे. निश्चित तारीख असलेला सर्वांत जुना छापील ग्रंथ म्हणजे ८६८ सालचे चिनी वज्रच्छेदिका सूत्र. वांग जिये नावाच्या उपासकाने ते आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी तयार करविले होते. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते. दौलताबाद हे स्थानक परभणीवरून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. सहलीसाठी लांबची स्थळे शोधणाऱ्या शिक्षकांनी एकदा तिकडेही पाहावे.

राहिला गणिताचा प्रश्न. १८९३ साली मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते पुढे परदेशांतही गेले. चौरस कागदाला मधोमध उभी घडी घालून तो उलगडावा. मग खालचा उजवा कोपरा त्या मधल्या रेषेवर टेकेल अशी, डाव्या कोपऱ्यातून जाणारी दुसरी घडी घालावी. कोपरा टेकला तो बिंदू आणि तळाचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. कोनमापकाशिवाय ६० अंश! ‘का?’ असा प्रश्न मूल येथे आपणहून विचारते. गणिताला दिलेल्या जादा तासात तो किती वेळा विचारला जातो?

हे शिक्षण घरीही चालते, किंबहुना काही बाबतींत घरीच अधिक चांगले चालते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि घर हीच शाळा झाली. फोन असणाऱ्यांचे शिक्षण कसेबसे चालले, इतरांचे थांबले. त्याच घरांतील आजीला रद्दी भिजवून कुटण्याची, त्या लगद्यात मेथीची पूड कालवण्याची आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपली करण्याची रीत ठाऊक असते. मेथीने लगदा चिकटतो आणि टोपलीला कीडही लागत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलेल्या मुलाला एवढाच अभ्यास द्यावा : आजीला विचारून एक टोपली करणे, आणि किती कागदाला किती पाणी व मेथी लागली ते वहीत टिपणे. निरक्षर आजी त्या सुटीपुरती गुरुजी होईल.

मात्र प्रदर्शनासाठी शिक्षकांनी रात्री जागून केलेल्या किंवा दुकानातून आणलेल्या वस्तू मांडणार असाल, तर पालकांचे म्हणणे खरे ठरेल. वस्तू उपयोगाची असावी आणि ती मुलानेच केलेली असावी. वर्षअखेरीस जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून, दाभणाने भोके पाडून, दोऱ्याने शिवलेली नवी वही आम्हांस थर्माकोलच्या ताजमहालाहून मोलाची वाटते. (बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे, मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.) मुलगे आणि मुली दोघांनीही शिवावे, दोघांनीही कापावे.

जयंतीच्या पताकांचेही तसेच. कागदी पताका, सुतळी आणि खळ यांची जागा आता बाजारातील प्लास्टिकच्या माळांनी घेतली आहे. मिरवणूक संपली की त्या गटारात दिसतात. निळ्या पताकेची ती अवस्था पाहवत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे छापखान्यांत किंवा पुस्तकबांधणीत आहेत, त्यांनी कापणीत निघणाऱ्या कागदाच्या पट्ट्या रद्दीत न घालता वसतिगृहाकडे पाठवाव्यात, आणि महिन्यातून एखादा रविवार मुलांसोबत बसावे. येत्या १४ एप्रिलच्या पताका मुलांच्याच हातच्या हव्या असतील, तर फेब्रुवारीपासून रविवारच्या दुपारी त्यासाठी मोकळ्या ठेवाव्या लागतील.